यंत्राला दुभाष्या बनवणारा माणूस : ॲलन ट्युरिंग

दुभाष्या म्हणजे काय, हे सीमाभागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कागद कानडीत येतो आणि घरातल्या आजीला फक्त मराठी वाचता येतं. मग दोन मार्ग उरतात. एक, तो कागद जाणकाराकडून अथपासून इतिपर्यंत मराठीत लिहून घ्यायचा आणि घरी निवांत वाचायचा. दुसरा, दोन्ही भाषा येणाऱ्या शेजारच्या पोराला सोबत घेऊन कचेरी गाठायची. साहेब एक वाक्य बोलणार, पोरगा ते आजीला सांगणार. आजी बोलणार, पोरगा ते साहेबाला सांगणार. पहिल्या मार्गात सगळा वेळ आधी जातो, पण पुढे तो कागद हवा तितक्या वेळा झरझर वाचता येतो. दुसऱ्यात काम रखडत चालतं, पण घोटाळा झाला तर त्याच वाक्याला उघडा पडतो.

कॉम्प्युटरच्या दुनियेतही हेच दोघे आहेत. सगळा प्रोग्रॅम आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. शेजारी उभा राहून एकेक ओळ वाचतो आणि तिथल्या तिथे यंत्राकडून काम करवून घेतो तो इंटरप्रिटर. आपली कॉलेजची पोरं पायथन शिकतात तेव्हा त्यांची गाठ आधी या दुभाष्याशीच पडते. तुम्ही हा मजकूर मोबाइलवर वाचत असाल, तर ब्राउझरच्या पोटातही असा एक दुभाष्या बसलेला आहे. वेबसाइटचा जावास्क्रिप्ट कोड तो आधी स्वतः वाचून चालवतो, आणि एखादा भाग सारखासारखा लागतोय असं दिसलं की तेवढा कंपायलरकडे सरकवतो. हुशार दुभाषेही असंच करतात की!

या दुभाष्याची पहिली नेमकी रचना ज्याने कागदावर मांडली, त्या माणसाच्या हाताशी तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. जगातच नव्हता. साल होतं १९३६, आणि माणसाचं नाव ॲलन मॅथिसन ट्युरिंग. जून महिना त्याच्या जन्माचाही आहे आणि मृत्यूचाही, म्हणून आज त्याची आठवण.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला, पण घराणं आपल्याच बाजूचं म्हणायला हरकत नाही. वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात अधिकारी होते. आई एथेल सारा हिचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. तिचे वडील एडवर्ड वॉलर स्टोनी मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर होते. तुंगभद्रेवरचा रेल्वेपूल त्यांच्या हातचा, आणि आवाज न करणाऱ्या पंख्याच्या चाकाचं पेटंटही त्यांच्या नावावर होतं. ही मद्रास रेल्वे १९०८ साली सदर्न मराठा रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे तयार झाली. बेळगाव स्टेशनातून पिढ्यानपिढ्या प्रवास केलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना हे नाव पाठ असेल. ॲलन स्वतः मात्र हिंदुस्थानात कधी आला नाही. इथली हवा मुलांना मानवणार नाही म्हणून आईवडिलांनी त्याला आणि थोरल्या भावाला इंग्लंडच्या किनाऱ्यावर, सेंट लिओनर्ड्स गावी एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवलं. साहेबलोकांत तेव्हा ही सर्रास रीत होती. आई यायची, राहायची, परत जायची. पोर परक्या घरात वाढलं.

तेराव्या वर्षी त्याला शेरबोर्नच्या बोर्डिंग शाळेत घातलं. नेमका त्याच दिवशी, मे १९२६ मध्ये, इंग्लंडभर सार्वत्रिक संप सुरू झाला आणि रेल्वे बंद पडल्या. साउथॅम्प्टनला बोटीतून उतरलेला हा मुलगा सायकलवर टांग मारून साठेक मैल गेला. वाटेत एका रात्रीचा मुक्काम केला आणि शाळेत हजर झाला. मास्तरांना कौतुक वाटलं, पण त्याच्या गचाळ अक्षरापुढे ते फार टिकलं नाही. त्या शाळेत त्याला क्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा मित्र मिळाला. गणित आणि तारे यांवर तासन्‌तास बोलता येईल असा पहिलाच माणूस. फेब्रुवारी १९३० मध्ये मॉरकॉम क्षयाने गेला. ट्युरिंगचा तो हळवा कोपरा शेवटपर्यंत भरला नाही.

पुढे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, आणि बाविसाव्या वर्षी तिथली फेलोशिप. १९३५ साली मॅक्स न्यूमन या प्राध्यापकांच्या व्याख्यानांत त्याच्या कानावर एक प्रश्न पडला. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी तो विचारला होता. गणितातलं कुठलंही विधान दिलं तर ते सिद्ध होतं की नाही, हे ठरवणारी एखादी ठरावीक, डोकं न चालवता करता येणारी रीत असू शकते का? ट्युरिंगला पळायची सवय होती. दुपारी लांब पळून आल्यावर ग्रँचेस्टरच्या कुरणात पाठ टेकून पडलेला असताना त्याला उत्तराची वाट दिसली.

बाकीचे लोक रीत या शब्दाचा अर्थ सूत्रांत शोधत होते. ट्युरिंगने हिशेब करणाऱ्या कारकुनाकडे बघितलं. इंग्रजीत तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द माणसालाच लावत. आकडेमोड करणारा पगारी माणूस म्हणजे कॉम्प्युटर. हा कारकून करतो काय? समोरच्या चौकटीतलं चिन्ह बघतो, आपण कुठल्या पायरीवर आहोत ते ध्यानात ठेवतो, चिन्ह खोडतो किंवा नवं लिहितो, एक चौकट उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो आणि पुढची पायरी घेतो. बस्स. कितीही अवघड आकडेमोड असो, फोडत गेलं की एवढंच उरतं. मग कारकुनाच्या जागी यंत्र कल्पिलं, वहीच्या जागी लांबच लांब कागदाची पट्टी कल्पिली, आणि कुठल्या पायरीवर कुठलं चिन्ह दिसलं तर काय करायचं याचा तक्ता केला की झालं यंत्र. बेरजेचं यंत्र वेगळं, गुणाकाराचं वेगळं. प्रत्येकाचा तक्ता वेगळा.

आणि मग त्याने तो डाव टाकला. तक्ता हीसुद्धा शेवटी अक्षरंच ना? मग तो पट्टीवर लिहिता येईल! त्याने प्रत्येक यंत्राचा तक्ता मोजक्या अक्षरांत उतरवायची पद्धत ठरवली. एक सूचना संपली की अर्धविराम, मग पुढची सूचना. अशी ही लांबलचक अक्षरमाळ पट्टीवर मांडायची आणि तिच्यासमोर एक विशेष यंत्र बसवायचं. हे यंत्र काय करतं? समोरचं दुसरं यंत्र आत्ता कुठल्या पायरीवर आहे आणि कुठल्या चिन्हापाशी उभं आहे, याची नोंद बघतं. मग अर्धविरामा-अर्धविरामांवरून मागे जात त्या स्थितीला लागू पडणारी सूचना शोधतं. सापडली की ती सांगते तसा बदल पट्टीवर लिहितं, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्वतःला बेरीज येत नाही, गुणाकार येत नाही. पण ज्याचा तक्ता समोर ठेवाल त्याच्यासारखं ते वागतं. ट्युरिंगने त्याला सार्वत्रिक यंत्र म्हटलं. आज आपण त्यालाच इंटरप्रिटर म्हणू.

हे यंत्र भयंकर संथ होतं. एका साध्या पायरीसाठी पट्टीवर कितीतरी हेलपाटे. दुभाष्या लावला की वेळ लागतो ही तक्रार पायथनबद्दल आजही ऐकू येते. ती जन्मखुणेसारखी पहिल्या दिवसापासूनच आहे.

या दुभाष्याच्या जोरावरच ट्युरिंगने हिल्बर्टच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते नकारार्थी होतं. समजा, कुठल्याही यंत्राचा तक्ता वाचून ते नीट आकडे देत राहील की कुठेतरी अडकेल हे ओळखणारं एक तपासनीस यंत्र आहे. त्याला दुभाष्याची जोड देऊन आणखी एक यंत्र बनवू. हे जोडयंत्र एकेक तक्ता घेतं, तपासनिसाला विचारतं, आणि चांगला निघाला तर तो थोडा चालवून त्यातला एक आकडा काढतं. एक दिवस रांगेत त्याचा स्वतःचाच तक्ता येतो. तपासनिसाला तो अडकणारा म्हणता येत नाही, कारण आतापर्यंत तर काम सुरळीत चाललंय. चांगला म्हणावा, तर त्यातला आकडा काढण्यासाठी स्वतःचंच काम पहिल्यापासून करावं लागतं, आणि ते करता करता पुन्हा तोच तक्ता समोर. झालं, अडकलं कायमचं! म्हणजे असा तपासनीस असूच शकत नाही. तुमचा प्रोग्रॅम अडकून बसेल की नाही हे दरवेळी बिनचूक आधीच सांगणारं सॉफ्टवेअर कुठलीच कंपनी विकत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

अमेरिकेत प्रिन्स्टनला अलोंझो चर्च यांनी वेगळ्या वाटेने हेच उत्तर थोडं आधी छापलं होतं. ट्युरिंगच्या पदरी निराशा आली, पण त्याची वाट इतकी वेगळी होती की निबंध छापला गेलाच. दोन वर्षं तो प्रिन्स्टनला चर्च यांच्याकडे राहिला आणि १९३८ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतला.

एक गंमत सांगायलाच हवी. त्या सार्वत्रिक यंत्राच्या तक्त्यात चुका होत्या. १९४७ च्या सुमारास डोनाल्ड डेव्हिस नावाच्या तरुण सहकाऱ्याने तो निबंध ओळीन्‌ओळ तपासला, चुका शोधल्या आणि ट्युरिंगकडे गेला. ट्युरिंग वैतागला. मुख्य सिद्धांताला त्याने काही धक्का लागत नाही, मग कशाला किरकिर, असा त्याचा सूर होता. जगातल्या पहिल्या इंटरप्रिटरमध्येही बग होते, आणि ते दाखवल्यावर प्रोग्रॅमरची प्रतिक्रियाही आजच्यासारखीच.

युद्धाच्या काळावर सिनेमे निघाले आहेत, म्हणून इथे थोडक्यात. इंग्लंडने युद्ध पुकारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, ट्युरिंग ब्लेचली पार्कमध्ये हजर झाला. जर्मन एनिग्मा यंत्राचे संदेश फोडण्याची मूळ वाट पोलंडच्या गणितींनी काढली होती. सिनेमावाले हे विसरतात. ट्युरिंगने त्यापुढे जाऊन बॉम्ब नावाचं शोधयंत्र रचलं, गॉर्डन वेल्चमनने त्यात मोलाची भर घातली, आणि जर्मन नौदलाच्या संदेशांचं अवघड काम ट्युरिंगच्या हट आठने अंगावर घेतलं. विक्षिप्तपणाचे किस्से तिथलेच. चहाचा मग रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचा, परागकणांचा त्रास होतो म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायची. पण काय केलं हे कुणालाही, आईलाही, सांगायची मुभा नव्हती.

युद्ध संपलं आणि लंडनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत कागदावरचं यंत्र खरं करायची संधी आली. १९४५ च्या अखेरीस त्याने एस नावाच्या कॉम्प्युटरचा आराखडा लिहिला. त्यात एक युक्ती होती. एक काम चालू असताना मधेच दुसरं छोटं काम करून परत पहिल्या जागी कसं यायचं? परतीचा पत्ता पुरून ठेवायचा, काम झालं की उकरून काढायचा. त्याने या सूचनांना इंग्रजीत पुरणे आणि उकरणे याच अर्थाची नावं दिली होती. आज ज्याला स्टॅक म्हणतात आणि ज्याच्याशिवाय इंटरप्रिटर लिहिताना पान हलत नाही, तो हाच.

२० फेब्रुवारी १९४७ रोजी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे त्याने व्याख्यान दिलं. त्यात त्याने एक गोष्ट मांडली, जी मला त्याच्या सगळ्या कामात सीमाभागातल्या माणसाला सगळ्यात जवळची वाटते. यंत्राशी यंत्राच्याच भाषेत बोललं पाहिजे असं नाही. भाषा नेमकी असली की पुरे. तिचा अर्थ लावणाऱ्या सूचना एकदा यंत्रात घातल्या की माणसाने आपल्या सोयीच्या चिन्हांत बोलावं आणि यंत्राने समजून घ्यावं. भाषा शिकायचा भार कुणी उचलायचा, या प्रश्नाचं हे उत्तर होतं: ज्याच्याकडे ताकद आहे त्याने.

लॅबोरेटरीतला कारभार मात्र गोगलगायीचा. आराखडा तयार, यंत्राचा पत्ता नाही. ट्युरिंग राग पळण्यात काढायचा. १९४७ च्या मॅरेथॉनमध्ये २ तास ४६ मिनिटांत धावून तो पाचवा आला. १९४८ मध्ये कंटाळून तो मँचेस्टरला गेला. तिथे मेमरीत प्रोग्रॅम साठवणारं यंत्र २१ जून १९४८ लाच चालू झालं होतं.

आणि इथे त्याने काय करावं? मँचेस्टरच्या मोठ्या यंत्रासाठी प्रोग्रॅमरांचं हँडबुक त्यानेच लिहिलं. त्यातली पद्धत अशी: टेलिप्रिंटरची ३२ चिन्हं म्हणजे ३२ अंक, ते सगळे तोंडपाठ करायचे, आणि संख्या उलट्या, लहान स्थानाचा अंक आधी, अशा लिहायच्या. शून्यासाठी तिरकी रेघ. त्यामुळे कागदच्या कागद तिरक्या रेघांनी भरायचे. खिडकीवर आपटणाऱ्या मँचेस्टरच्या पावसासारखे, असं केंब्रिजचे लोक थट्टेने म्हणत. ट्युरिंगला स्वतःला ते सहज जमायचं, म्हणून इतरांना का जमू नये हे त्याला कळत नसे. तीन वर्षांपूर्वी माणसाच्या बाजूने बोललेला हा गृहस्थ आता सगळ्यांना यंत्राची भाषा पाठ करायला लावत होता. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना हे झाकायची पद्धत आहे. मला ते झाकावंसं वाटत नाही. दोन्ही भाषा सफाईने येणाऱ्या माणसाला दुभाष्याची गरज समजते, पण टोचत नाही.

टोचली ती ॲलिक ग्लेनी नावाच्या तरुणाला. सरकारच्या अणुशस्त्र प्रकल्पासाठी तो हे यंत्र वापरायचा. १९५२ मध्ये त्याने ऑटोकोड तयार केला. माणसाला जरा वाचता येईल असं लिहायचं आणि ते यंत्राच्या भाषेत उतरवायचं काम यंत्रावरच सोपवायचं. जगातल्या अगदी पहिल्या कंपायलरांत त्याची गणना होते.

याच ग्लेनीबरोबर त्याच वर्षी ट्युरिंग बुद्धिबळाचा एक डाव खेळला. डेव्हिड चँपरनाउन या मित्राबरोबर १९४८ मध्ये त्याने बुद्धिबळाचा प्रोग्रॅम रचला होता. यंत्रावर तो चढवायला सुरुवात केली, पण तडीस गेलं नाही. मग ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. समोर पट, हातात नियमांचे कागद. ग्लेनीने चाल केली की ट्युरिंग कागद उलटे-सुलटे करत प्रत्येक शक्य चालीचे गुण मोजायचा आणि सर्वांत जास्त गुणांची चाल खेळायचा. एका चालीला अर्धा-अर्धा तास. आपल्याला चाल दिसतेय म्हणून खेळायची नाही. नियम सांगेल तीच खेळायची. म्हणजे तो अक्षरशः इंटरप्रिटर झाला होता, ओळ वाचायची आणि पाळायची. एकोणतिसाव्या चालीला प्रोग्रॅम हरला. पटाच्या एका बाजूला रक्तामांसाचा इंटरप्रिटर आणि दुसऱ्या बाजूला कंपायलर लिहिणारा. त्या वेळी हे त्या दोघांच्या डोक्यातही आलं नसेल.

तेव्हा ट्युरिंगच्या डोक्यावर भलतंच ओझं होतं. जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. तो सरळ पोलिसांकडे गेला. चौकशीत, घरी येणाऱ्या एका तरुणाशी आपले संबंध आहेत हे त्याने लपवलं नाही. इंग्लंडात १८८५ च्या कायद्याने दोन पुरुषांमधले संबंध हा गुन्हा होता. चोर राहिला बाजूला, तक्रारदारच आरोपी झाला. हिंदुस्थानात त्याच साहेबाने १८६० मध्ये ठेवून दिलेलं कलम ३७७ आपल्या सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं २०१८ मध्ये मोडीत काढलं, हे इथे लक्षात ठेवायचं. ३१ मार्च १९५२ ला त्याला दोषी ठरवलं गेलं. तुरुंगाऐवजी त्याने हार्मोनच्या औषधांचा वर्षभराचा उपचार पत्करला. पुरुषी वासना मारण्याचा तो उपचार होता, आणि त्यात त्याच्या शरीराचे हाल झाले. सरकारी गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. ज्या खात्यासाठी त्याने युद्धभर रात्री जागवल्या, त्याच खात्याला आता तो धोक्याचा वाटू लागला.

त्याही दिवसांत काम थांबलं नव्हतं. प्राण्यांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके कसे उमटतात याचं गणित त्याने त्याच वर्षी छापलं. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विल्म्स्लोच्या घरी सायनाइडच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी कामवालीला तो बिछान्यात आढळला. शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. त्यात विष होतं का, हे कुणी तपासलंच नाही. चौकशीत आत्महत्या असा निकाल झाला. आईने तो कधी मानला नाही. घरातल्या रासायनिक प्रयोगांत हात नीट न धुतल्याने हे झालं, यावर ती ठाम राहिली.

ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राणीची माफी आली, आणि २०२१ पासून पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे.

पोदनूरला जन्मलेल्या त्या आईने मुलाचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढे होतं. गणित तिला फारसं येत नव्हतं. त्याच्या निबंधांबद्दल जाणकारांना विचारून विचारून तिने ते समजून घेतलं आणि १९५९ मध्ये पुस्तक छापून आणलं. ब्लेचलीचं पान मात्र त्यात जवळजवळ कोरंच राहिलं. तिथल्या गुपितावरचा पडदा १९७४ पर्यंत सरला नाही, आणि १९७६ मध्ये ती गेली.